चॉकलेटातलं एरंडेल: ४७६ या आकड्याला घाबरायचं का?

दादरच्या एका ताईंनी विचारलंय. त्या घरी चॉकलेटं करून विकतात, राखीला आणि दिवाळीला ऑर्डरी घेतात. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: चॉकलेटच्या कागदावर ४७६ लिहिलेलं असेल तर त्यात एरंडेल असतं, मुलांना देऊ नका. सासूबाईंनी तो वाचला आणि नातवाच्या हातातली कॅडबरी काढून घेतली. ताईंचा प्रश्न दुहेरी आहे. हे खरं आहे का? आणि पावसाळ्यात त्यांचं चॉकलेट साच्यात नीट उतरत नाही, त्यावर मोठे कारखाने हेच ४७६ वापरतात असं त्यांनी ऐकलंय, तर तेही घालावं का? शेवटी एक ओळ अशीही आहे: "नाहीतर घरातलंच एरंडेल दोन थेंब टाकलं तर?"

या शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देतो, कारण कोणी तोवर थांबणार नाही. टाकू नका. चॉकलेट पातळ तर होणार नाहीच, वर वास येईल आणि गिऱ्हाईक एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून परत येईल. एरंडेल आणि ४७६ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांचं नातं खोबरेल आणि साबणासारखं आहे. साबण खोबरेलापासून होतो, म्हणून कोणी आमटीला साबणाची फोडणी देत नाही.

आता बाकीचं सविस्तर. मी माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, शिकलो आणि पुढची बरीच वर्षं चॉकलेटच्या कारखान्यांत काढली. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल. विषयच एरंडाचा आहे, गुऱ्हाळ चालायचंच.

मेसेज अर्धा खरा आहे. ४७६ हा अन्नात मिसळायच्या एका पदार्थाचा क्रमांक, त्याचं पूर्ण नाव पॉलिग्लिसरॉल पॉलिरिसिनोलिएट. कारखान्यात एवढं कोणी बोलत नाही, सगळे पीजीपीआर म्हणतात. एरंडेलातली जवळजवळ नव्वद टक्के मेदाम्लं एकाच जातीची असतात, त्यांना रिसिनोलिइक आम्ल म्हणतात. ही मेदाम्लं वेगळी काढून २०० अंशांच्या वर तापवली की ती एकमेकांना जोडली जातात. दुसरीकडे ग्लिसरीन अल्कलीबरोबर तसंच कडक तापवून त्याच्या छोट्या साखळ्या करतात. मग दोन्ही एकत्र शिजवले की मधासारखा दाट, पिवळसर द्रव मिळतो. तो तेलात विरघळतो, पाण्यात नाही. एरंड पिकवण्यात भारत जगात पहिला आहे आणि त्यातला मोठा वाटा आपल्या शेजारच्या गुजरातचा. म्हणजे परदेशी चॉकलेटच्या कागदावर ई४७६ दिसलं, तर त्याचं मूळ बनासकांठ्याच्या किंवा मेहसाण्याच्या शेतात असण्याची बरीच शक्यता आहे. आपल्याकडे तोच आकडा 'ई' न लावता छापतात, एवढाच फरक.

एरंडाच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं, हेही त्या मेसेजमध्ये असणारच. ते विष प्रथिन आहे. तेल काढल्यावर ते पेंडीत राहतं, तेलात उतरत नाही. त्याचा इथे संबंध नाही.

मग जुलाबाचं काय? लहानपणी आजीनं नाक दाबून एरंडेल पाजलेली पिढी अजून हयात आहे, म्हणून हा धसका समजू शकतो. एरंडेल पोटात फुटतं, त्यातून रिसिनोलिइक आम्ल सुटतं आणि ते आतड्याला ढवळून काढतं, हे खरं. पण जुलाबासाठी मोठ्या माणसाला १५ ते ६० मिलिलिटर एरंडेल द्यावं लागतं. चॉकलेटात पीजीपीआर किती चालतो? युरोपचा नियम आणि कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय अन्नमानक, दोन्हींत किलोला जास्तीत जास्त ५ ग्रॅम. म्हणजे ४० ग्रॅमच्या वडीत अगदी मर्यादेपर्यंत घातला तरी ०.२ ग्रॅम. प्रत्यक्षात कारखाने बहुधा याच्या निम्मंही घालत नाहीत, कारण लागतच नाही. स्वयंसेवकांना रोज १० ग्रॅमपर्यंत देऊन पाहिलंय, जुलाब झाले नाहीत. तेवढा पीजीपीआर चॉकलेटातून मिळवायचा, तर दिवसाला किमान दोन किलो चॉकलेट खावं लागेल. दोन किलो चॉकलेटानं जे व्हायचं ते ४७६ शिवायही होईल.

सासूबाईंसाठी एक हिशेब देतो, त्यांना आकडे आवडत असतील तर. रोज आयुष्यभर खाल्लं तरी चालेल अशा मात्रेला तज्ज्ञ समित्या दिवसाची स्वीकार्य मात्रा म्हणतात. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त समितीनं ती वजनाच्या दर किलोला ७.५ मिलिग्रॅम ठरवली होती. २०१७ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं सगळा पुरावा परत तपासून ती २५ पर्यंत वाढवली. वाढवली, कमी केली नाही, हे लक्षात घ्या. नातू २० किलोचा असेल तर त्याला दिवसाला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे सगळ्यात जास्त ४७६ घातलेलं चॉकलेटही १०० ग्रॅम. नेहमीच्या प्रमाणात घातलेलं असेल तर पाव किलोच्या आसपास. रोज! त्याच्या कितीतरी आधी दात किडतील.

कागदावर ४७६ ची नोंद 'इमल्सिफायर' या नावाखाली असते, आणि आजकाल 'इमल्सिफायर आतडं बिघडवतात' हेही फिरतं. त्यामागे २०१५ चा उंदरांवरचा एक गाजलेला अभ्यास आहे, पण तो कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट-८० या दोन पदार्थांवरचा. आडनाव एक म्हणून गुन्हा एकाचा दुसऱ्यावर टाकता येत नाही.

खरं तर चॉकलेटात 'इमल्सिफायर' हा शब्दच मला खटकतो. इमल्शन म्हणजे तेल आणि पाणी एकात एक मिसळलेलं, जसं दूध. चॉकलेटात पाणी नसतंच, असलं तर एक टक्क्याच्या आत. चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीत, बुडालेली साखरेची आणि कोकोची बारीक पूड. ही पूड २०-२५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दळतात. ३० च्या वर गेली तर जिभेला रवाळ लागते. आता साखरेला पाण्याची ओढ, तेलाशी तिचं जमत नाही. साखरेचे कण कोको बटरमध्ये एकमेकांना चिकटून, घासून राहतात आणि माल घट्ट होतो. सोडवायचे दोन मार्ग: कोको बटर वाढवा, किंवा साखर आणि बटर यांच्यामध्ये एखादा मध्यस्थ बसवा.

पहिला मध्यस्थ लेसिथिन, आकडा ३२२. अंड्याच्या बलकात तो प्रथम सापडला, नावही बलकाच्या ग्रीक शब्दावरून पडलं. आपल्याकडे चॉकलेटात येतो तो सोयाबीन तेल शुद्ध करताना निघणाऱ्या गाळातून. हिरवा ठिपका असेल तर अंड्याचा प्रश्न संपला, आणि ग्लिसरीन कुठून आलं हा ४७६ बद्दलचा प्रश्नही त्याच ठिपक्यानं सुटतो. लेसिथिनच्या रेणूचं डोकं साखरेला धरतं, शेपूट कोको बटरमध्ये राहतं. हजार किलो मालात तीन किलो लेसिथिन तीसेक किलो कोको बटरचं काम करतं. आपल्या डेअरी मिल्कच्या कागदावर लेसिथिनऐवजी ४४२ दिसेल. ते रेपसीड या मोहरीच्या जातीच्या बियांच्या तेलापासून करतात, काम तेच, सोयाचा वास मात्र नाही.

मग ४७६ कशाला? इथे जरा स्वयंपाकघरात या. चक्का चमच्यात घेऊन चमचा उपडा केला तरी तो पडत नाही, हाताला झटका दिला की पडतो. मध मात्र झटका न देता आपणहून पडतो, सावकाश. म्हणजे घट्टपणा दोन प्रकारचा असतो. एक, हलायला सुरुवात करण्यासाठी लागणारा जोर, त्याला आम्ही यील्ड व्हॅल्यू म्हणतो. दुसरा, एकदा हलल्यावर वाहताना होणारा अडथळा. लेसिथिन मुख्यतः दुसरा कमी करतं. पीजीपीआर पहिला कमी करतो, आणि तो इतक्या जोरात की ०.२ टक्के घातला तर यील्ड जवळजवळ निम्म्यावर येते, ०.८ टक्क्यांना ती उरतच नाही. एवढा घालायला परवानगी नाही आणि कोणी घालणारही नाही, कारण मग चॉकलेट बिस्किटावर थांबतच नाही, ओघळून खाली साचतं आणि बिस्किटाला पाय फुटतात. चॉकलेट चिप्सना उलट आकार धरून राहायचं असतं, त्यांच्या मालात यील्ड मुद्दाम शिल्लक ठेवतात. आइस्क्रीमवरचं पातळ कवच, पोकळ सांताक्लॉज, बारीक नक्षीचा साचा, हे सगळं पीजीपीआरचं राज्य. बुडबुडे वर येतात, कोपरे भरतात.

आणखी एक गंमत. लेसिथिन जास्त घातलं की फायदा उलटतो. अर्ध्या टक्क्याच्या पुढे यील्ड परत वाढायला लागते. हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तरीही एकदा हात पोळून घेतले.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑगस्ट महिना, ठाण्याच्या पलीकडचा एक कारखाना. दिवाळीच्या बॉक्ससाठी पोकळ कवचं भरायचं काम चालू होतं. एक टनाची बॅच, ०.५ टक्के लेसिथिन आधीच घातलेलं, आणि तरी माल साच्याच्या कोपऱ्यात जाईना. कवचाला भोकं पडत होती. उत्पादन माझ्याकडे होतं. घाईत मीच सांगितलं, अजून दोन किलो लेसिथिन घाला. घातलं. मशीनवरचा आकडा बघितला तर यील्ड अजून चढलेली. कोंचवर, म्हणजे चॉकलेट तासन्तास घोटणाऱ्या यंत्रावर, एक मामा होते, कोकणातले, माझ्या नोकरीच्या आधीपासून त्या खात्यात. ते पळीतून माल खाली सोडून बघत म्हणाले, "साहेब, मालाला पाणी लागलंय."

प्रयोगशाळेतून ओलावा काढून आणला. नेहमीपेक्षा ०.६ टक्के जास्त. चॉकलेटच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: ओलावा ०.३ टक्क्यानं वाढला की तेवढाच पातळपणा राखायला एक टक्का जादा चरबी लागते. म्हणजे आमच्या टनाला वीस किलो कोको बटर. मी मागितलं. वरून उत्तर आलं, पीजीपीआर घाला. दोन किलो घातला, आणि माल असा सुटला की साच्यांच्या रांगा तासाभरात भरल्या. सगळे खूश. पाण्याला धरून ठेवायचीही ताकद पीजीपीआरमध्ये असते, त्यामुळे ओलावा आहे तिथेच राहिला, फक्त दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशीची बॅचही तशीच, तिसरीही. प्रत्येकात दोन किलो पीजीपीआर, प्रत्येक वेळी काम झालं. चौथ्या दिवशी मामांनी हात धरून मला साखरेच्या गोदामात नेलं. हवेतला दमटपणा काढणारं यंत्र आठवडाभर बंद होतं आणि पोती तोंड उघडी ठेवून भिंतीला टेकवलेली. मुंबईचा ऑगस्ट! पोत्यात हात घातला तर साखर मुठीत गोळा होत होती. पहिल्याच दिवशी पीजीपीआर नसता, तर आम्ही झक मारत गोदामात गेलो असतो.

म्हणून ४७६ बद्दल माझा आक्षेप पोटाचा नाही. तो तब्येतीला अपायकारक नाही, पण तो कोको बटरच्या जागी येतो आणि कारखान्याच्या चुका झाकतो. कोको बटर हा चॉकलेटातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात सुंदर भाग. तोंडात घातल्यावर चॉकलेट शरीराच्या उष्णतेनं वितळतं ते त्याच्यामुळे. लेसिथिन आणि पीजीपीआर जोडीनं वापरले की काही टक्के कोको बटर वाचतं. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. अशा दिवसांत ते काही टक्के म्हणजे काय, हे कुठल्याही कारखान्याच्या खरेदी खात्याला विचारा. त्यात बेकायदा काही नाही आणि माझ्या मते फसवणूकही नाही, कागदावर आकडा छापलेला असतो. फक्त तो तब्येतीचा इशारा म्हणून वाचू नका, हिशेबाची नोंद म्हणून वाचा.

आणि कागद वाचायचाच तर ४७६ च्या आधी बरंच वाचण्यासारखं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. पहिला शब्द बहुतेक वेळा साखर, आणि नेहमीच्या मिल्क चॉकलेटात ती निम्म्याच्या आसपास. कोको बटरच्या जागी 'हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट' असेल तर ते चॉकलेट नाही, कंपाउंड आहे. आपण सगळ्याच चॉकलेटांना कॅडबरी म्हणतो आणि लिमलेटच्या गोळीलाही चॉकलेट, त्यामुळे हा फरक आपल्या भाषेतच हरवतो. सासूबाईंना राग काढायचाच असेल तर त्या साखरेवर काढोत, मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. उपवासाला चालतं का, हे मात्र मला विचारू नका, त्याचा निर्णय प्रत्येक घरात वेगळा असतो.

सोयाची अॅलर्जी असणाऱ्यांनी ३२२ बघून घ्यावं. सूर्यफुलाचं लेसिथिनही मिळतं. ४७६ चा त्या अॅलर्जीशी संबंध नाही.

आता ताई, तुमच्या चॉकलेटाकडे येतो. तुम्ही काय वितळवता हे लिहिलेलं नाही. क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेली कंपाउंडची लादी असेल, तर तिच्यात इमल्सिफायर आधीच असतात, मागचा कागद वाचा. त्यात आणखी घालायला जाऊ नका. कूव्हर्चर, म्हणजे साच्यासाठी मिळणारं खरं चॉकलेट, असेल तर त्यात कोको बटर भरपूर असतं, त्यालाही सहसा गरज पडत नाही. पीजीपीआर घालायचाच म्हटलं तर एका किलोला दोन ग्रॅम, आणि तो मधासारखा चिकट, चमच्यालाच निम्मा राहतो. घरच्या काट्यावर दोनाचे चार झाले तर कळणारही नाही. शिवाय तुम्ही विकता, म्हणजे जे घातलं ते लेबलवर लिहिणं आलं.

मला वाटतं तुमच्या मालालाही पाणीच लागतंय. दादरला जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घामेजतात, तिथे चॉकलेटानं काय करावं! गॅसवर पातेल्यात पाणी ठेवून वर चॉकलेटचं भांडं ठेवत असाल तर ते पहिलं बंद करा. वाफ कडेनं वर येते आणि नेमकी चॉकलेटात उतरते. मायक्रोवेव्हमध्ये कमी शक्तीवर तीस-तीस सेकंद, दर वेळी ढवळून. साचे धुतल्यावर फडक्यानं पुसले तरी कोपऱ्यात ओल राहते. आदल्या रात्री धुवा आणि पंख्याखाली उपडे ठेवा. चमचा लाकडी नको, लाकूड पाणी धरतं. एसीची खोली असेल तर तासभर आधी लावून ठेवा. फ्रिजमधून काढलेली लादी उघडी टाकू नका, पुडक्यातच खोलीच्या हवेला येऊ द्या, नाहीतर तिच्यावर दव धरतं. आणि माल दाट झाला की घरातलं रिफाइंड तेल ओतायची सवय असेल तर तीही सोडा. चॉकलेट पातळ होतं खरं, पण नंतर कडकन मोडत नाही आणि बोटांना चिकटतं.

एवढं करूनही कूव्हर्चर जड वाटलं, तर एका किलोला १०-१५ ग्रॅम कोको बटर वितळवून घाला. पीजीपीआर जे चोरून करतो तेच हे उघडपणे करतं, आणि चव वाढते ती वेगळीच. मग साचा भरून ओट्यावर चार-सहा वेळा आपटा, म्हणजे बुडबुडे वर येतात. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ग्रुपवर पुढचा मेसेज तुमच्याबद्दल असेल.